माळ्यावरची वाकिझाशी : प्रकल्प नोंदी

12 मार्च 2023, कुराशिकी (जपान)

शेजारच्या आजींचं जुनं घर उन्हाळ्यात पाडायचं ठरलंय. गेले तीन रविवार आम्ही दोघी मिळून सामान उपसतो आहोत. आज माळ्यावर, तुळईच्या मागच्या पोकळीत, गादीच्या फाटक्या खोळीत गुंडाळलेली एक लांबट वस्तू हाताला लागली. काजळीने काळीकुट्ट झालेली. खाली आणून दोरी सोडली तर आत तलवार. लहानशी, म्यानासकट जेमतेम पावणेदोन फूट. म्यानावरचा उरुशीचा, म्हणजे जपानी लाखेचा, काळा लेप तडकलेला, मुठीवरची रेशमी फीत कुजून लोंबणारी, मूठ आणि पात्याच्या मधली लोखंडी चकती, त्सुबा, गंजाने तपकिरी झालेली.

आजी जिन्याच्या पायरीवरच बसल्या. म्हणाल्या, "बाबांची आहे ही. मला वाटायचं, त्यांनी तेव्हाच देऊन टाकली."

तेव्हा म्हणजे युद्ध हरल्यानंतर. दोस्तराष्ट्रांच्या फौजांनी जपानभर घराघरांतल्या तलवारी जमा करायला लावल्या होत्या. 1946 साली आजी नऊ वर्षांच्या होत्या. ओकायामात, म्हणजे इथल्याच प्रांतात, त्या वेळी ब्रिटिश-भारतीय डिव्हिजन होती आणि रस्त्यावरून जाणारे फेटेवाले शिपाई आजींना अजून आठवतात. त्याच डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीची एक पलटणही होती, हे मी त्यांना सांगितलं. म्हणजे माझ्याच मुलखातल्या कुणाच्या तरी धाकाने ही तलवार माळ्यावर गेली असेल. आजी थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग तुमच्याच हाताला लागली ते बरं झालं."

म्यानातून बाहेर काढलेली नाही. आत गंज धरलेला असला तर जोर लावून ओढताना पातं खरवडेल. शिवाय नोंदणी नसलेली तलवार घरात ठेवणं इथे गुन्हा आहे. उद्या सकाळी आधी पोलीस ठाणं.

13 मार्च

काम तासाभरात झालं. कुठे सापडली, कुणाच्या घरात, कुणी पाहिली, एवढं लिहून घेतलं. ठाण्यातल्या अधिकाऱ्यांनी म्यान आडवं धरून अगदी हळूहळू पातं बाहेर काढलं. थोडं अडलं, पण निघालं. लालसर गंजाचे पट्टे, टोकाकडे काळे डाग, आणि मधूनच जुन्या लोखंडाची राखाडी झाक. "सापडल्याची नोंद झाली" असा कागद मिळाला. तो सोबत घेऊन आता प्रांताच्या शिक्षण मंडळाकडे तपासणीला जायचं. तलवारींची नोंदणी शिक्षण मंडळाकडे असते, याचं इथे नव्याने आलेल्या माणसाला नवल वाटतं. पण त्यामागचा विचार साधा आहे. नोंदणी होते ती कलावस्तू म्हणून. हत्यार म्हणून नाही.

18 मार्च

आज मूठ काढली. पात्याचा मुठीतला भाग, म्हणजे नाकागो, हीच तलवारीची खरी जन्मपत्रिका. लोहाराचं नाव असेल तर तिथेच.

मूठ पात्याला धरून ठेवते ती बांबूची एक खुंटी, मेकुगी. ती पितळेच्या लहान हातोडीने पलीकडून टोचून काढायची असते. आमची इतकी घट्ट बसली होती की तासभर गेला. मग पातं उभं धरून, डाव्या हातात मूठ घट्ट पकडून, उजव्या मुठीने डाव्या मनगटावर हलके ठोके. आठव्या-नवव्या ठोक्याला पातं सैल झालं. आजींना सगळी रीत माहीत होती. वडिलांना करताना पाहिलेलं. हात माझे चालत होते, सूचना त्यांच्या.

मापं: पातं 34.5 सेंटीमीटर, म्हणजे जुन्या मोजणीत 1 शाकु 1 सुन 4 बु. दहा बुंचा एक सुन, दहा सुनांचा एक शाकु, आणि एक शाकु म्हणजे 30.3 सेंटीमीटर. त्याच्या आतलं ते तांतो, एक ते दोन शाकुंच्या मधलं ते वाकिझाशी, त्यापुढे कताना. म्हणजे ही वाकिझाशीच, पण हद्दीच्या जेमतेम अलीकडची. बाक अर्धा सेंटीमीटर. दोन्ही बाजू सपाट, मधला उंच कणा नाही. या घडणीला हिरा-झुकुरी म्हणतात. नाकागो आखूड आणि बुटका, एका हाताने धरण्याच्या मापाचा, खालचं टोक चेस्टनटच्या फळासारखं गोलसर. छिद्रं दोन.

नाकागोवर दाट, काळपट गंज, आणि गंजाखाली अक्षरं! एका बाजूला पाच किंवा सहा, दुसऱ्या बाजूलाही काही. वरची तीन भिंगाशिवाय वाचता येतात: बि-शू ओसा. बि-शू म्हणजे बिझेन, इथला जुना प्रांत; ओसाफुने म्हणजे इथून तासा-दीड तासावरचं, तलवारी घडवणाऱ्या लोहारांचं जुनं गाव. रात्री झोप लागली नाही.

हाबाकी, म्हणजे पात्याच्या बुंध्याशी बसवलेली तांब्याची पट्टी, गंजाने चिकटून बसली आहे. तिला हात लावला नाही.

2 एप्रिल

चूक झाली, ती लिहून ठेवते. बाजारात तलवारीच्या निगेचा संच मिळतो. त्यात उचिको असतं: दगडाच्या बारीक भुकटीची रेशमी पुरचुंडी. ती पात्यावर आपटून कागदाने पुसायचं, म्हणजे जुनं तेल निघतं. मी ते तेल काढण्यापुरतं न ठेवता टोकाजवळच्या लाल गंजावरही पुन्हा पुन्हा फिरवलं. गंजाचे कण सुटले आणि कागदाखालून फरफटत गेले. आता तिथे बोटभर जागेत केसासारखे ओरखडे आहेत.

मी पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात धातुशास्त्र शिकले, अकरा वर्षं इथे पोलादाच्या धंद्यात आहे. गंज कठीण असतो हे मला कुणी सांगायला नको होतं. आजींना लगेच सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. आजपासून पात्यावर फक्त तेलाचा पातळ थर, बाकी काही नाही.

19 एप्रिल, ओकायामा

नोंदणी झाली. तपासनिसांनी लांबी, बाक, छिद्रं मोजली आणि नाकागो खिडकीच्या उजेडात फिरवून फिरवून पाहिला. शुल्क 6,300 येन. कार्डावर लिहिलं: वाकिझाशी, 34.5 सेंटीमीटर, बाक 0.5, छिद्रं 2. अक्षरांपैकी वाचता आली ती लिहिली, बाकीच्यांच्या जागी रिकामे चौकोन. मालक म्हणून आजींचं नाव. सत्याहत्तर वर्षांनी ती उघडपणे त्यांच्या घरात राहू शकते.

एका तपासनिसांनी जाताना बजावलं: नाकागो कधीही घासू नका. मला माहीत होतं, पण आजींच्या देखत कुणीतरी म्हणायला हवं होतं. त्यांच्या ओसाकातल्या मुलाने परवाच फोनवर विचारलं होतं, "नाव नीट दिसत नसेल तर थोडं साफ करून घेऊ या का?"

30 एप्रिल

सुट्ट्या लागल्या. सबंध दिवस नाकागोचा ठसा घेण्यात गेला.

पात्यावर पातळ हातकागद पसरायचा, हलू नये म्हणून चिमट्याने धरायचा आणि सेक्काबोकु नावाच्या काळ्या, मेणचट वडीने वरून अलगद घासायचं. छिन्नीने कोरलेल्या रेषा खोल असल्याने पांढऱ्या राहतात, भोवतालचं काळं होतं. कागद किंचित सरकला की अक्षरं दुहेरी उमटतात. पहिले चार कागद फुकट गेले.

पाचव्यावर कानशीच्या खुणा स्पष्ट उमटल्या. तिरप्या, उजवीकडे उतरत गेलेल्या. मग अक्षरं. 'बि-शू ओसाफुने' आता पूर्ण. पाचवं अक्षर अर्धं खाल्लेलं: उजवीकडे चौकोनी तोंडासारखी खूण, डावीकडे एक उभी रेघ आणि तिला टेकलेले दोन तिरके घाव. सहाव्याचा खालचा भाग नाही, पण वरचा नीट आहे. घराच्या छपरासारखी रेघ, दोन्ही टोकांना खाली वळलेली.

हे छप्पर महत्त्वाचं. ओसाफुनेतल्या कितीतरी लोहारांची नावं 'मित्सु' या अक्षराने संपतात: कात्सुमित्सु, कियोमित्सु, हारुमित्सु. 'मित्सु'ला छप्पर नसतं. छप्पर असतं ते 'सादा'ला. पाचवं 'सुके', सहावं 'सादा'. सुकेसादा.

लगेच हुरळून जायचं नाही असं स्वतःला बजावत दुसरी बाजू घेतली. तिथे तारीख आहे. शेवटची अक्षरं अगदी स्वच्छ: आठवा महिना. त्याच्या वर 'वर्ष'. पण वर्षाचा आकडा जिथे हवा तिथे बरोबर दुसरं छिद्र पडलेलं! कुणीतरी, बहुधा एदो काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक), नवी मूठ बसवताना पात्याला आणखी एक छिद्र पाडलं आणि आकडा गेला. त्या माणसाला दोष देता येत नाही. त्याच्यासाठी ते वापरातलं हत्यार होतं आणि मूठ हलता कामा नये, एवढंच त्याला हवं होतं.

राहिलं युगाचं नाव, जपानी वर्षं त्यावरूनच मोजतात. पहिलं अक्षर 'तेन'. सोळाव्या शतकात 'तेन'ने सुरू होणारी दोन युगं: तेनबुन, 1532 ते 1555, आणि तेनशो, 1573 ते 1592. 'शो'मध्ये सगळ्या रेघा सरळ, आडव्या नाहीतर उभ्या. 'बुन'मध्ये दोन तिरके फराटे एकमेकांना छेदतात. सहाव्या कागदावर काही कळेना. सातवा कागद घेताना खोली अंधारी केली आणि टॉर्च बाजूने, नाकागोला जवळजवळ टेकवून धरला. गंजाच्या खवल्यांमधून एक तिरपी रेघ चमकली आणि तिला छेदणारी दुसरी.

तेनबुन.

आजींना सांगायला गेले तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. त्यांच्या खोलीत दिवा होता. कागद चटईवर पसरून आम्ही बसलो. तेनबुन 12, म्हणजे 1543 साली, तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीज उतरले आणि जपानात पहिल्यांदा बंदूक आली. आजींनी ते शाळेत पाठ केलेलं. तेच पोर्तुगीज, ज्यांनी तेहतीस वर्षं आधी, 1510 मध्ये, गोवा घेतला होता. ही वाकिझाशी घडली ती त्याच्याच आगेमागे.

7 मे

नाव सापडलं, पण खरा प्रश्न आता सुरू होतो. कोणता सुकेसादा?

हे नाव घेणारे लोहार त्या काळात ओसाफुनेत डझनावारी होते. यादवीचं शतक, प्रत्येक सरदाराला शेकड्यांनी पाती हवीत, आणि ओसाफुने म्हणजे त्या मागणीचा कारखाना. त्यात दोन तऱ्हा होत्या. एखाद्या मोठ्या माणसाने सांगून करवून घेतलेल्या पात्यावर लोहार आपलं पूर्ण नाव घाली: बिझेन प्रांताचा रहिवासी, ओसाफुनेचा योसोझाएमोन नो जो सुकेसादा. आणि गठ्ठ्याने विकायच्या मालावर नुसतं 'बिशू ओसाफुने सुकेसादा'. आमच्या पात्यावर हे दुसरं, आखूड नाव आहे.

मुलाला फोनवर हे सांगितलं तेव्हा त्याचा आवाज उतरला. मला तसं वाटत नाही. आखूड नावाच्या पात्यांतही चांगली घडाई सापडते, आणि नाव आखूड आहे म्हणून पातं न बघताच निकाल देणं बरोबर नव्हे. शिवाय मोठ्या नावांच्या खोट्या सह्या ठोकण्याचा धंदा जपानात शतकानुशतकं चालला. बाजारात माल महाग विकायचा तर खोटी सही मोठ्या नावाची करतात, गठ्ठ्यातल्या नावाची कोण करील? आमच्या पात्याचा साधेपणाच त्याच्या खरेपणाची साक्ष देतो.

'आठवा महिना' यावरही फार विसंबू नये. ओसाफुनेच्या पात्यांवर दुसरा आणि आठवा हे दोनच महिने पुन्हा पुन्हा दिसतात. तो रिवाज होता. खरोखर आठव्याच महिन्यात घडलं असं त्यातून सिद्ध होत नाही.

14 मे, ओसाफुने

आजींना घेऊन ओसाफुनेच्या तलवार संग्रहालयात गेले. आको मार्गावरची गाडी, मग टॅक्सी. संग्रहालयाच्या आवारातच कार्यशाळा आहेत. लोहार, घासणारे, म्यान करणारे तिथे बसून काम करतात. आज ऐरणीवर प्रात्यक्षिक होतं. आजी पुढच्या रांगेत बसल्या. ठिणग्या उडल्या तरी मागे सरकल्या नाहीत.

इथे लोहार का जमले हे नदीकाठी उभं राहिलं की कळतं. उत्तरेच्या डोंगरांतली लोखंडी वाळू, तिथल्याच भट्ट्यांत झालेलं पोलाद, जंगलातला कोळसा, सगळं योशिई नदीतून खाली यायचं. शेजारी फुकुओकाची मोठी बाजारपेठ. क्यूशू बेटावरच्या आजच्या फुकुओका शहराला नाव मिळालं ते या लहानशा गावावरून. सोळाव्या शतकाच्या अखेरीस याच नदीच्या पुराने ओसाफुनेच्या लोहारांची वस्ती धुऊन नेली आणि ती परंपरा पुन्हा त्या जोमाने उभी राहिली नाही. आमचं पातं त्या पुराच्या काही दशकं आधीचं.

संग्रहालय सेतोउची शहराचं आहे. 2020 साली या छोट्या शहराने देशभरातून देणग्या गोळा करून 'सानचोमो' ही राष्ट्रीय ठेवा ठरलेली तलवार 50 कोटी येनला आपल्या गावी परत आणली. आज ती मांडलेली नव्हती. आजींना त्याचं विशेष वाईट वाटलं नाही. त्या तेनबुन काळातल्या एका साध्या तांतोपुढे बराच वेळ उभ्या होत्या.

3 जून

पातं घासणाऱ्या कारागिराकडे नेलं. त्यांना तोगिशी म्हणतात. तलवार घासणं हा इथे वेगळा, सबंध आयुष्याचा व्यवसाय आहे. दहा-दहा वर्षं गुरूच्या हाताखाली काढावी लागतात. नोंदणीचं कार्ड आणि पातं एकाच पिशवीत, बांधून.

त्यांनी अर्धा तास एक शब्द काढला नाही. दिव्याखाली धारेवरून नजर नेली, परत नेली. ते शोधत होते हागिरे, म्हणजे धारेला काटकोनात गेलेली भेग. ती असली तर पातं संपलं. कितीही सुंदर असलं तरी घासण्यात अर्थ नाही. नाही सापडली. पाठीकडे घडीचा एक उघडलेला सांधा आहे, जुना आणि निरुपद्रवी. टोकापासून 11 सेंटीमीटरवर धारेला एक खाच, जेमतेम मिलिमीटरभर. हाबाकी त्यांनी तेल मुरवत मुरवत दहा मिनिटांत काढली.

मग ते माझ्या ओरखड्यांपाशी थांबले. मी सांगितलं, मी केलेत. "उचिको?" मी मान हलवली. त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं आठवतं: "हे निघतील. पण ते काढायला जेवढं पोलाद जाईल, ते परत येणार नाही."

याच एका वाक्यावर पुढचं सगळं काम चाललं आहे. प्रत्येक घासणीत पातं झिजतं. पावणेपाचशे वर्षांत हे किती वेळा घासलं गेलं असेल कोण जाणे. धारेवरचा कठीण पट्टा जाडीने आणि रुंदीने ठरलेला असतो. तो एकदा संपला की आतलं मऊ लोखंड उघडं पडतं आणि तलवार दमते. इथे दमलेली तलवार असाच शब्द आहे.

25 जून

सगळं पातं घासायच्या आधी त्यांनी एक खिडकी उघडली. म्हणजे साधारण दोन इंच लांबीचा तुकडाच शेवटपर्यंत घासून पाहिला. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, तीच ही.

खिडकीत काय दिसलं? धारेच्या बाजूला दुधी पट्टा, त्याची कड लाटांची. लाटा एकेरी नाहीत. दोन-दोन एकत्र येऊन वर फुगतात आणि माथ्यावर फाटतात, खेकड्याच्या नांगीसारख्या. शेवटच्या काळातल्या बिझेन लोहारांची ही ओळखीची खूण, आणि सुकेसादा नावाशी जुळणारी. कियोमित्सु असता तर बहुतेक सरळ पट्टा दिसला असता. वरच्या भागात घडीचे थर, फळीवरच्या रेषा आणि मधूनच गाठी असाव्यात तसे. जुन्या बिझेन पात्यांवर धुक्यासारखी सावली असते, उत्सुरी. ती इथे नाही. नाकागो सांगतो तेच पातं सांगतंय. दोघांची साक्ष जुळली.

तोगिशी म्हणाले, "गठ्ठ्यातला माल आहे, पण निष्काळजी हाताचा नाही." मी आजींना हे शब्दशः सांगितलं. त्यांनी मला ते पुन्हा म्हणायला लावलं.

9 जुलै

मुलगा ओसाकाहून आला. आजींच्या घरी तिघं बसलो. खर्च: घासणीचा दर सुनामागे 12 हजार येन, 12 सुन धरून 1 लाख 44 हजार. नवं साधं म्यान 45 हजार. एवढा पैसा विकून परत येईल का, हा त्याचा प्रश्न. खरं उत्तर दिलं: सहज येईल असं नाही. आजींनी पासबुक आणून ठेवलं आणि विषय संपवला.

दुसरा प्रश्न खाचेचा. ती पूर्ण काढायची तर सगळी धारच मिलिमीटरभर खाली आणावी लागेल. टोकापासून बुंध्यापर्यंत सगळीकडून, नाहीतर आकार बिघडेल. मुलाला ती काढलेली हवी होती. सारं करतोच आहोत तर डाग कशाला, असं त्याचं म्हणणं. मी खाच ठेवायच्या बाजूने बोलले. 34 सेंटीमीटर धार झिजवून एका मिलिमीटरची उणीव झाकायची हा सौदा मला पटत नाही. पात्यावर कठीण पोलाद आहे तेवढंच आहे, नव्याने चढवता येत नाही. आजींनी दोघांचं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "बाबांच्या वेळीही ती होती. मी बोट लावून पाहिलं होतं, मार खाल्ला होता." खाच राहील. कडा फक्त बोथट करायच्या.

सप्टेंबर ते नोव्हेंबर 2023

थोडक्यात. घासणीचा पहिला टप्पा सप्टेंबरात झाला. तोगिशींनी शक्य तितक्या बारीक दगडापासून सुरुवात केली, सगळ्यात खरबरीत दगड वापरलेच नाहीत. त्यामुळे गंजाचे दोन-चार खोल खड्डे राहिले आहेत. मला ते चालतात. हाबाकी जुनीच, स्वच्छ करून बसवली, माप जमलं.

मग शिरासाया, म्हणजे मूठ-म्यान दोन्ही साध्या, लेप न दिलेल्या होनोकी लाकडाचं. मऊ, तेल-राळ नसलेलं लाकूड, पात्याला ओरखडा पडत नाही. दोन फाळी कोरून एकमेकांना चिकटवतात ते शिजवलेल्या भाताच्या खळीने. लहानपणी आम्ही पतंग शितांनीच चिकटवायचो. इथे कारण वेगळं आहे: पुढे कधी आत गंज लागला तर म्यान सांध्यावर उघडता आलं पाहिजे, आणि भाताची खळ सुटते. पुढच्या शंभर वर्षांनंतरच्या माणसाची सोय आजच करून ठेवलेली असते.

जुना साज फेकलेला नाही. त्सुबा, मूठ, तडकलेलं म्यान, सगळं आहे त्या अवस्थेत. आत पात्याच्या आकाराची लाकडी पट्टी घालून जोडून ठेवलं.

18 फेब्रुवारी 2024

शेवटची घासणी पूर्ण. आज पातं घरी आलं.

या टप्प्यात दगड बोटाएवढे होतात. क्योतोच्या परिसरातल्या खाणींतला उचिगुमोरी दगड कागदासारखा पातळ करून, मागे पातळ कागद चिकटवून, अंगठ्याखाली धरून पात्यावर फिरवतात. मग लोहभस्म तेलात कालवून पुसतात, त्याने वरचं पोलाद गडद होतं. धारेचा पट्टा पुन्हा दगडाच्या चकत्यांनी उजळतात. पाठ पोलादी सुईने घोटतात. आठवडे जातात.

आजींच्या खोलीतले दिवे बंद केले, एकच बल्ब ठेवला. पातं बल्बच्या रोखाने धरून किंचित तिरपं केलं की लाटांची कड पेटल्यासारखी उठते. मराठीत आपण तलवारीला पाणी दिलं म्हणतो. ते पाणी मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. लोहाराने चिकणमाती, कोळशाची पूड आणि दगडाची पूड कालवून पाठीवर जाड, धारेवर पातळ लिंपली. लाल तापवून पाण्यात बुडवली. धार क्षणात थंड झाली आणि कठीण झाली, पाठ सावकाश निवली आणि चिवट राहिली. त्या दोन्हींची सीमा म्हणजे ही लाट. कठीण झालेलं पोलाद फुगतं, म्हणून पाण्यात असतानाच पातं पाठीकडे वाकतं; पात्याच्या बाकात तेही आहे. हे सगळं मी वर्गात आलेखावर शिकले होते, रोज कामावर सूक्ष्मदर्शकाखाली बघते. तापमापी नसलेल्या माणसाने नुसत्या रंगावरून, अंधारात, तेनबुन काळात हे साधलं.

टोकापाशीही लाट मोडत नाही, वळून पाठीकडे जाते. माझे ओरखडे गेले आहेत. खाच आहे.

20 फेब्रुवारी

निगा लिहून ठेवली, आजींच्या कॅलेंडरच्या मागे चिकटवली. पहिलं वर्ष महिन्याला एकदा तेल बदलायचं, घासणीनंतर पातं लवकर गंजतं म्हणून. मऊ कापडाने पुसायचं, नवा थर अगदी पातळ. पातं बाहेर असताना वर वाकून बोलायचं नाही. थुंकीचा शिंतोडा दोन दिवसांत डाग होतो. नाकागोला काही नाही. उचिको मी संचातून काढून घेतलं.

नवीन घरात तलवारीला कपाटाचा वरचा खण मिळाला आहे. माळा नाही.

6 ऑक्टोबर 2024

तोक्योच्या तलवार जतन संस्थेकडे वसंतात परीक्षणाला पाठवलं होतं. 1948 साली, जप्तीच्या त्याच काळात, तलवारी कलावस्तू म्हणून वाचाव्यात यासाठी ती संस्था उभी राहिली. निकालाचा कागद आला: 'होझोन', जतनास योग्य. सही खरी. तेनबुन काळाची. वर्षाच्या आकड्याच्या जागी कागदावरही रिकामा चौकोन.

मुलाने फोटो मागवला. आजींनी नाकागोचा ठसा पाठवायला सांगितला, पात्याचा नाही. सातवा कागद स्कॅन करून पाठवला.

13 ऑक्टोबर 2024

तेल बदललं. आज पहिल्यांदा आजींनी स्वतः. हात थरथरतो म्हणून मी खालून आधार दिला. डाग नाहीत. होनोकीच्या म्यानात पातं आवाज न करता बसतं.

मूठ काढताना निघालेली जुनी मेकुगी माझ्या खणात पडून होती, धुराने काळा झालेला बांबूचा तुकडा. ती पाकिटात घालून, वर "मेकुगी, 18 मार्च 2023 रोजी काढली" असं लिहून जुन्या मुठीजवळ ठेवली.